आधी रस्त्याकडेचा चर बघा, मग बाग लावा

प्रश्न असा आहे: "मार्चमध्ये नाशिकहून अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहायला आलो. घरामागे वीस बाय तीस फुटांचा रिकामा तुकडा आहे. आता जून उजाडला, फुलांची फार हौस आहे. मोगरा, जास्वंद, झेंडू लावावा म्हणते, पण सगळे म्हणतात इथे जेमतेम चार महिने मिळतात. शिवाय हायवेच्या कडेला इतकी फुलं दिसतात, ती कोणती? तोडून आणली तर चालतात का?"

ताई, तुमच्या प्रश्नाला शेवटाकडून हात घालते. आधी रस्त्याकडेची फुलं, मग अंगण. कारण तुमच्या तुकड्यात काय लावायचं ते हायवेच्या बाजूचा चर माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. त्याला कोणी पाणी घालत नाही की खत टाकत नाही. हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ त्याच्यातच उतरतं आणि बर्फाचे ढीगही त्याच्याच डोक्यावर लोटतात. एवढं सोसून जे जुलैत फुलतं, ते तुमच्या मऊ मातीत का नाही फुलणार?

मी मूळची साताऱ्याची, इथे सव्वीस वर्षं झाली. पहिली पाच वर्षं मी साताऱ्याचं अंगण इथे उतरवायच्या नादात घालवली आणि दर ऑक्टोबरात काळवंडलेल्या कुंड्यांपुढे उभी राहून रडले. चूक साधी होती. आपल्याकडे जास्वंद बारा महिने दोन-चार फुलं देते, सदाफुली तर नावाप्रमाणेच वागते. तीच सवय मनात धरून मी इथल्या नर्सऱ्यांत "सगळा उन्हाळा फुलेल असं काहीतरी द्या" म्हणत फिरायचे. इथली झाडं तशी वागत नाहीत. आपण ४५ अक्षांशावर आहोत. जूनच्या शेवटी दिवस साडेपंधरा तासांचा असतो, साताऱ्यात तो सव्वातेराच्या आत संपतो. जमीन मात्र एप्रिलपर्यंत गोठलेली. त्यामुळे प्रत्येक झाड आपले दोन-तीन आठवडे गाठतं, झडझडून फुलतं आणि पुढच्याला जागा देतं. कास पठार आठवा. दर पंधरवड्याला रंग बदलतो, आणि आपणही "या आठवड्यात काय आलंय?" असंच विचारून जातो. इथला उन्हाळा तसाच पाळीपाळीने घ्यायचा असतो. हे कळलं आणि माझं रडणं थांबलं.

तर आत्ता जूनमध्ये काय आलंय? लायलॅक संपत आलं असेल, पिओनी सुरू होतील. तुमचं घर जुनं असेल तर कुंपणाजवळ कुठेतरी पिओनीचं झुडूप असणारच, आधीच्या मालकांनी नाहीतर त्यांच्या आईने लावलेलं. पिओनी माणसापेक्षा जास्त टिकते. कळ्यांवर मुंग्या दिसतील. मुंग्यांशिवाय कळी उमलत नाही असं शेजारीण सांगेल, त्यात तथ्य नाही. कळीच्या बाहेरच्या पाकळीवर गोड रस सुटतो, त्या तो खायला येतात एवढंच. फवारणी करू नका.

फूल पूर्ण उमललं की पहिल्या वळवासारख्या पावसात ते चिखलात लोळणार, इतकं ते जड. म्हणून कळी बोटांत हलके दाबून बघा. कडक गोटीसारखी लागली तर थांबा. ताज्या पेढ्यासारखी दबली आणि रंग दिसायला लागला असेल तर सकाळी कापा, कोरडीच वर्तमानपत्रात गुंडाळा आणि फ्रिजमध्ये आडवी ठेवा. दोन-तीन आठवडे सहज राहते. बाहेर काढून देठाचं टोक तिरकं छाटा आणि कोमट पाण्यात ठेवा, संध्याकाळपर्यंत घमघमाट. वटपौर्णिमेच्या हळदीकुंकवाला मी कितीदा अशी फुलं काढली आहेत. फ्रिज उघडल्यावर दुधाच्या गॅलनमागे वर्तमानपत्रातल्या कळ्या बघून पाहुण्या आधी हसतात आणि मग एक मागून नेतात.

जूनच्या मध्यापासून उत्तरेकडे एक चक्कर मारा. दुलुथपुढे ६१ नंबरच्या रस्त्यालगत, लेक सुपीरियरच्या काठाने, निळ्या-जांभळ्या-गुलाबी लुपिनचे तुरे मैलोन् मैल उभे असतात. फोटो काढा, डोळे भरून बघा, पण बी खिशात घालून आणू नका. हा लुपिन मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडचा. इथे तो पाहुणा म्हणून आला आणि घरमालकच होऊन बसला, स्थानिक रोपांना दाबून पसरतोय. मला तो आवडतो आणि त्याचा रागही येतो. दोन्ही एकदम होऊ शकतं.

खरी मानकरी आहे शोई लेडी स्लिपर, आपल्या या मिनेसोटा राज्याचं राज्यफूल. १९०२ पासून तो मान तिच्याकडे आहे, आणि १९२५ पासून ती तोडणं-उपटणं कायद्याने बंद. पांढऱ्या पाकळ्या, खाली गुलाबी फुगीर बटवा. हे ऑर्किड बीपासून पहिलं फूल द्यायला सोळा वर्षंही घेतं आणि पुढे पन्नास वर्षंही जगतं. म्हणजे चरात तुम्हाला दिसलेलं एक फूल तुमच्या मुलांपेक्षा वयाने मोठं असू शकतं. देठ-पानांच्या लवेने हाताला पुरळही उठतो. ब्लॅकडक आणि कॅस लेकच्या दरम्यानच्या रस्त्याला तिचंच नाव आहे, लेडी स्लिपर सीनिक बायवे. जूनच्या शेवटापासून जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत जा, ओलसर चरांकडे नजर ठेवा आणि गाडी सावकाश चालवा.

आता जुलै. माझा सगळ्यात लाडका महिना, कारण यात माहेरची माणसं भेटतात. मिल्कवीड ओळखणं सोपं आहे: कमरेएवढं झाड, जाड लवदार पानं, फिकट गुलाबी फुलांचे गेंद, आणि पान खुडलं की पांढरा चीक. चीक बघितला की तुम्हाला रुई आठवेल, मारुतीला वाहतो ती. आठवायलाच हवी, दोन्ही एकाच कुळातली. गंमत पुढे आहे. आपल्याकडे रुईवर जी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी दिसते तिचं नारिंगी फुलपाखरू होतं. इथे मिल्कवीडवर मोनार्कची अळी असते, पिवळी-काळी-पांढरी. ही दोन फुलपाखरं चुलत बहिणी आहेत, आणि दोघींची युक्तीही तीच: चिकातलं विष अंगात साठवायचं, म्हणजे पक्षी वाटेला जात नाहीत. मोनार्क हे मिनेसोटाचं राज्य-फुलपाखरू. ऑगस्टच्या शेवटी जन्मणारी पिढी इथून थेट मेक्सिकोच्या डोंगरातल्या जंगलांकडे उडत जाते. पहिल्यांदा मी पानाच्या खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं अंडं शोधलं, तेव्हा सातारला फोन करून आईला सांगितलं होतं की इथेही रुई आहे. आई म्हणाली, "मग मारुती कुठेय?"

मिल्कवीडशेजारी फिकट जांभळे, विस्कटलेल्या केसांसारखे गोंडे दिसले तर ते रानटी बर्गामॉट. पान चुरगळून वास घ्या. ओवा! उगाच वाटत नाही, ओव्यातलं थायमॉल त्यातही असतं. सकाळी कडेच्या खडीत निळी फुलं उघडलेली आणि दुपारी मिटलेली दिसली तर ती चिकोरी, आपल्या फिल्टर कॉफीत जिची मुळी भाजून घालतात तीच. ही मूळची युरोपातली. काळ्या डोळ्याची पिवळी रुडबेकिया तुम्हाला न शोधता सापडेल. आणि जुन्या शेतघरांजवळच्या चरात नारिंगी डेलिली, एक फूल एकच दिवस टिकणारं. घरात मांजर असेल तर डेलिली आणि लिली दोन्ही फुलदाणीत नकोत. मांजराचं मूत्रपिंड बंद पडतं.

आता एक सावधगिरी. शेपू फुलावर आला की कशी छत्री दिसते? तशीच चपटी पिवळी छत्री, चार-पाच फूट उंच, जून-जुलैत चरात जागोजागी दिसेल. हे वाइल्ड पार्सनिप. त्याला हात लावू नका. त्याचा रस कातडीला लागला आणि वरून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. मी दुसऱ्याच वर्षी हौसेने जुडी कापून आणली होती, अर्ध्या बाह्यांचा कुडता घालून. त्या दिवशी काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत फोड, आणि तपकिरी डाग दिवाळीपर्यंत राहिला. रस लागलाच तर लगेच साबणाने धुवा आणि दोन दिवस तो भाग उन्हापासून झाका. पांढऱ्या छत्रीच्या फुलांत निरुपद्रवी रानगाजर असतं तसं ओल्या चरात वॉटर हेमलॉकही असतं, जे पोटात गेलं तर जीव घेतं. दोन्हींत फरक करायला शिकेपर्यंत माझा नियम साधा आहे: छत्री दिसली की हात मागे. आणि गवतात शिरणार असाल तर पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर गोचिड्या तपासा. इथल्या बारीक हरिणगोचिडीने लाइम रोग होतो.

तोडायचं का? राज्य उद्यानांत नाही, मुळासकट कुठेच नाही, चराच्या पलीकडच्या खासगी शेतात विचारल्याशिवाय नाही. इंटरस्टेटवर तर फुलांसाठी गाडी थांबवायचीच नसते. मी स्वतः फक्त बाहेरून आलेल्या, उदंड असलेल्या गोष्टी घेते, पांढऱ्या डेझी, चिकोरी अशा, तेही ओळखीच्या शेतकऱ्याच्या खडीच्या रस्त्यावर. बाकीच्यांचा फोटो. आणखी एक माहिती उपयोगी पडेल. राज्याच्या कायद्याप्रमाणे गावाबाहेरच्या हमरस्त्यालगतची पहिली आठ फूट पट्टी कधीही कापता येते, पण पूर्ण चर ३१ जुलैच्या आधी कापायचा नसतो, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी. म्हणून फुलं पहिल्या आठ फुटांच्या पलीकडे शोधा, आणि ऑगस्ट लागायच्या आत शोधा. वेळ संध्याकाळी साडेसात-आठची. सूर्य नऊला मावळतो, आडव्या उन्हात गवतातून एकेक तुरा पेटल्यासारखा दिसतो. या राज्यात एकेकाळी सुमारे १ कोटी ८० लाख एकर प्रेअरीचा माळ होता. आता दोन टक्क्यांहूनही कमी उरलाय, आणि त्यातले काही तुकडे रस्ते आणि रेल्वेरुळांच्या कडेलाच तगून आहेत. चर म्हणून ज्याला आपण नाक मुरडतो तो कधीकधी त्या माळाचा शेवटचा वारस असतो.

ऑगस्टमध्ये गोल्डनरॉड येईल, सोनकीचा माळ आठवावा असा पिवळा. त्याच सुमारास तुम्हाला शिंका सुरू झाल्या, तर लोक गोल्डनरॉडला शिव्या देतील. गरीब बिचाऱ्याचा दोष नसतो. त्याचा पराग जड आणि चिकट, तो मधमाश्या नेतात. वाऱ्यावर उडतो तो रॅगवीडचा, ज्याची हिरवी फुलं कोणाच्या नजरेतही भरत नाहीत.

सप्टेंबरचं एकच सांगते. ओढ्याकाठी, सावलीत, नारिंगी ठिपक्यांची लोंबती फुलं दिसतील, ज्यूएलवीड. त्याची पिकलेली शेंग चिमटीत धरा. फट्! बी उडतं, कवच गुंडाळतं. ओळखलं ना? तेरडा. अगदी त्याच वंशातला. बागेच्या ओल्या कोपऱ्यात तो आपोआप उगवला आणि मी उपटला नाही, कारण दरवर्षी गौरी येतात तेव्हा तो ऐन भरात असतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, आणि गौरींचा मुक्कामही तेवढाच.

आता तुमचा तुकडा. या वर्षी निम्माच लावा, निम्मा ठेवा. जून लागलाय, म्हणजे आता गोठण्याची भीती नाही, पण सगळंच बीपासून वाढवण्याइतका वेळही नाही. झेंडूची तयार रोपं आणा, सहाचा ट्रे मिळतो. झिनियाचं बी सरळ जमिनीत टाका, दोन महिन्यांत, ऑगस्टच्या तोंडाशी फुलेल; रोप वीतभर झालं की शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतात. मोगरा कुंडीतच लावा. रात्री ५० फॅरनहाइटच्या खाली जायला लागल्या की घरात, दक्षिणेच्या खिडकीत. फुलं कमी येतील, पण एका कळीने सगळी खोली भरते, त्यासाठी तेवढं करायचं.

जास्वंदीचे दोन मार्ग आहेत. आपली जास्वंद मोगऱ्यासारखीच कुंडीत, आत-बाहेर करत. पण इथे टिकणारी जास्वंदही मिळते, ऑगस्टमध्ये जेवणाच्या ताटाएवढी फुलं देणारी. हिवाळ्यात ती जमिनीपर्यंत मरते आणि मुळापासून पुन्हा उठते, पण फार उशिरा. माझी पहिली जास्वंद मी मेच्या शेवटच्या आठवड्यात मेली समजून उपटली आणि कंपोस्टवर टाकली. चार दिवसांनी बघते तर बुडख्याला बोटाच्या पेराएवढे लालसर कोंब. तेव्हापासून तिच्या जागी काठी रोवून ठेवते आणि जूनच्या मध्यापर्यंत तिकडे फावडं नेत नाही.

उरलेल्या निम्म्या तुकड्यासाठी उन्हाळाभर चर वाचा. तुम्हाला आवडलेली पाच-सहा झाडं आणि ती दिसली तो आठवडा, फ्रिजवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. ऑक्टोबरात ती यादी घेऊन स्थानिक झाडांच्या नर्सरीत जा आणि बी घ्या. साधं मिल्कवीड छोट्या अंगणात मुळांनी पसरून डोकेदुखी होतं. त्याऐवजी स्वॅम्प मिल्कवीड किंवा नारिंगी बटरफ्लाय वीड घ्या. जोडीला बर्गामॉट, जांभळ्या तुऱ्यांचं लिआट्रिस आणि जांभळा न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर, जो नवरात्रात शेवंतीची उणीव भरून काढतो.

हे बी पेरायची पद्धत आपल्या घरांना सोयीची आहे. चहा-दह्यापायी आपल्याकडे दुधाचे रिकामे गॅलन ढिगाने असतात. गॅलन मधोमध कापा, पण मुठीच्या बाजूला बिजागरीसारखा जोड राहू द्या. तळाला भोकं पाडा, चार इंच माती, बी, थोडं पाणी. चिकटपट्टीने बंद करा, झाकण मात्र काढून टाका. डिसेंबर-जानेवारीत बाहेर बर्फात ठेवा आणि विसरून जा. यातल्या बहुतेक बियांना थंडी लागतेच. शरदातल्या उबेला भुलून उगवल्या असत्या तर कोवळे कोंब पुढच्या हिवाळ्यात मेले असते, म्हणून ओल्या थंडीचे काही आठवडे सोसल्याशिवाय त्या दार उघडत नाहीत. एप्रिलमध्ये गॅलनच्या आत हिरवं दिसेल. पहिल्या वर्षी फुलांची अपेक्षा नको, ही झाडं आधी मुळं करतात. माळावरच्या काहींची मुळं दहा-बारा फूट खाली जातात.

शेजारी "तण वाढवलंय" म्हणाले तर सांगा की २०२३ च्या राज्याच्या कायद्याने शहरांना अशी निगा राखलेली नैसर्गिक बाग मान्य करावी लागते. सोसायटी असेल तर तिचे नियम वेगळे वाचा. कडेने एक हात गवत नीट कापलेलं ठेवलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आणि चराकडे जायला जमत नसेल त्या रविवारी इलॉइज बटलर रानफुलांच्या बागेत जा, मिनियापोलिसमध्येच आहे. १९०७ साली एका शाळेतल्या वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी पुढाकार घेऊन सुरू करून घेतलेली. झाडांपाशी नावांच्या पाट्या असतात, त्यामुळे चरातली अनोळखी तोंडं तिथे नावानिशी भेटतात.

राहता राहिला झेंडू आणि दसरा. पहिली गोठणारी रात्र साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते, म्हणजे बरेचदा दसऱ्याच्या आसपासच. फोनवर हवामानखात्याची सूचना आली की संध्याकाळी, ऊन जायच्या आत, झेंडूच्या वाफ्यावर जुनी सुती साडी पसरा. पदर जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणजे मातीतली ऊब आत कोंडते. प्लास्टिक नको, जिथे ते पानाला टेकतं तिथे पान जळतं. सकाळी ऊन आलं की काढा. माझ्याकडे त्यासाठी एक इरकल आहे, आईची, विरलेली. सकाळी ती उचलते तेव्हा वरून दहिवराने कडक झालेली असते आणि खाली फुलं ओली, केशरी, तोरणाला तयार.